हृदयाच्या गोळ्या चालू आहेत आणि घोळणा सारखा फुटतो, काय करावं?

जुना_फिटर_अकोला

नमस्कार मंडळी. वय 71. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर छातीत दुखलं, पोरानं नागपूरला नेलं, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट आहे, म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी. गोळ्या लिहितो म्हणजे जाणकारांना बरं पडेल: ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75, ॲटोर्वास्टॅटिन 40, मेटोप्रोलॉल 25, टेल्मिसार्टन 40, आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. साखर नाही. बीपी आहे, पण औषधावर ठीक असते.

होळी झाली तसं डाव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं. कधी आठवडा कोरडा जातो, कधी लागोपाठ दोन दिवस. बहुतेक पहाटे, नाहीतर चप्पल घालायला वाकलो की. लाल भडक, टपटप. आधी पाच-सात मिनिटांत थांबायचं, आता अर्धा तास लागतो. आमच्या घरच्या मंडळींनी उशीचे अभ्रे जुन्या लुगड्याचे शिवून ठेवलेत, चांगले अभ्रे वाया जातात म्हणून.

मागच्या गुरुवारी तर शेगावला दर्शनाच्या रांगेतच सुरू झालं. लोकांनी लगेच बसवलं. एक म्हणे मान मागं टाका, दुसऱ्यानं बाटलीभर पाणी टाळूवर ओतलं, एका बाईनं पिशवीतून कांदा काढून बुक्कीनं फोडला आणि नाकाला लावला. (दर्शनाला येताना पिशवीत कांदा कशाला, हे मला अजून कळलं नाही, पण माऊलीनं जीव लावून केलं.) मान मागं टाकली तर सगळं रक्त घशात. मग उलटी झाली, ती काळपट लाल. पोरगा घाबरला, मीही घाबरलो. खरं सांगू का, अटॅक आला तेव्हा मी एवढा भ्यालो नव्हतो. तिथं आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. इथं शर्टावर दिसते ना बाप्पा.

आता खरी अडचण. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो तर म्हणाले, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, रक्त येणारच, आधी हृदयवाल्यांना विचारून या. हृदयवाल्यांना फोन लावला तर म्हणाले, एकही गोळी बंद करायची नाही, नाक दाखवा. म्हणजे मी मधल्या मधे. गोळी एखाद दिवस सोडली तर चालते का? रात्री एकदम सुरू झालं तर घरात दोघंच म्हातारे, काय करायचं? आणि हे कितपत घाबरण्यासारखं आहे?

रानवाटा

भाऊ, फार टेन्शन घेऊ नका. आमच्या आजोबाला असंच व्हायचं. दूर्वा स्वच्छ धुवून वाटायच्या, फडक्यातून रस गाळायचा, दोन-दोन थेंब नाकात. गार असतो, लगेच फरक. आणि ती रक्त पातळ करायची गोळी पंधरा दिवस बंद ठेवून बघा, आपोआप थांबते. डॉक्टर लोक हे कधीच सांगणार नाहीत.

वॉर्डातली_सिस्टर

रानवाटा भाऊ, दूर्वांचं नंतर बघू, पण गोळी बंद करा हे कुणालाच असं लिहू नका. स्टेंट टाकून वर्ष झालेलं नाही त्यांना. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी धरू नये म्हणून आहेत. मी साताऱ्याला सरकारी नोकरीत वॉर्डातच म्हातारी झाले. स्वतःच्या मनानं गोळी सोडून स्टेंट बंद पडलेली माणसं खाटेवर आणलेली बघितलीत. नाकाच्या रक्तासाठी बोळे आहेत, औषधं आहेत. स्टेंट बंद पडला तर मात्र मिनिटंच हातात असतात.

फिटरदादा, आता तुमचं. शेगावला लोकांनी जे केलं ते सगळं मायेपोटी आणि सगळं उलटं. मान मागं टाकली की रक्त थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं. ते पोटात जातं, मळमळतं, उलटी होते. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, मग घरात आणखी गोंधळ.

असं करा. खुर्चीवर ताठ बसायचं, आडवं नाही. डोकं जरा पुढं, मांडीवर ताट नाहीतर टब. नाकाचं वरचं हाड सोडून खालचा मऊ भाग अंगठा आणि पहिल्या बोटात दोन्ही बाजूंनी घट्ट चिमटीत धरायचा. एका नाकपुडीतून येत असलं तरी दोन्ही. तोंडानं श्वास. घशात आलेलं थुंकायचं, गिळायचं नाही. आणि घड्याळ समोर ठेवून सलग पंधरा मिनिटं. सगळे चुकतात ते इथंच. दोन मिनिटांनी सोडून बघतात थांबलं का, परत धरतात, परत सोडून बघतात. भाताचं झाकण सारखं उघडून बघितलं तर भात शिजतो का? आतली गुठळी धरायच्या आतच तुम्ही ती मोडता. तुमच्या दोन गोळ्या चालू आहेत, म्हणजे इतरांपेक्षा तुम्हाला जास्तच दम धरावा लागणार. हात दुखला तर वहिनींना धरायला सांगा. तोंडात बर्फाचा खडा चघळला तर चालेल. कांद्यानं काही होत नाही, नुसते डोळे चुरचुरतात.

पंधरा मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी एकदा पंधरा मिनिटं. त्यानंतरही चालूच असेल तर रिक्षा बोलवायची, सकाळची वाट बघायची नाही. घशामागून घळघळ येत असेल, चक्कर आली, घाम फुटला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर पहिलीही पंधरा मिनिटं थांबू नका. 108 ला फोन. आणि नाकाशी संबंध नसलेली एक गोष्ट: या गोळ्यांवर असताना पडून डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात जायचं.

थांबल्यावर त्या दिवशी नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, घागर-बादली उचलायची नाही. गरमागरम चहा नाही.

आता मला सांगा, गुडघ्याबिडघ्याला काही औषध घेता का? हाडाचं, आयुर्वेदिक चूर्ण, मेडिकलमधून आणलेलं, कुठलंही. झोपायच्या खोलीत एसी आहे का? तपकीर? आणि रागावू नका, पण नाकातलं मेकूड बोटानं काढायची सवय आहे का? पुरुष माणसं हे कबूल करत नाहीत, पण निम्मं रक्त त्यातच असतं.

जुना_फिटर_अकोला

सिस्टर, तुम्ही घरात येऊन बघून गेल्यासारखं विचारलंत. चिमटीचं आज करून ठेवलं, म्हणजे नुसती तालीम. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातलं घड्याळ पलंगासमोर लावलं.

तपकीर नाही. तंबाखू होती, ती अटॅकनं सोडवली. मेकडाचं काय सांगू, सकाळी नाकात खपली धरलेली असते, ती टोचते, मग हात जातोच.

गुडघ्याला औषध आहे. हाडाच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक लिहून दिली होती, दुखलं की घ्या म्हणून. फेब्रुवारीपासून दुखणं वाढलं तशी जवळजवळ रोजच चालू आहे. त्यांनी हृदयाची फाइल मागितली नाही आणि मी गुडघा दाखवायला गेलो होतो.

एसी आहे. नागपूरहून आल्यावर पोरानं हौसेनं बसवला, बाबांना उकडू नये म्हणून. आधी कूलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा. एसीची हवा सरळ माझ्या तोंडावर येते. पोराला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

डोंबिवलीकर_58

काका, माझं हृदयाचं प्रकरण वेगळं आहे, पण नाक तेच. मला धातूची झडप बसवलेली आहे, त्यामुळे ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर. आमच्यात आयएनआर नावाची तपासणी असते, रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा. नुसत्या एट्रियल फिब्रिलेशनवाल्यांना (हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांना) बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवतात, माझ्या झडपेसाठी डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 सांगितलंय. दोन वर्षं सुरळीत होतं. मग दाढ सुजली, दातवाल्यांनी मेट्रोनिडाझोल दिलं, आणि चार-पाच दिवसांत लोकलमध्ये उभ्या उभ्या घोळणा फुटला. ठाण्याला सुरू झालं ते मुलुंड आलं तरी थांबेना. लोकांनी बसायला जागा दिली. सकाळच्या गर्दीत, म्हणजे बघा किती भयंकर दिसत असेन. आयएनआर काढला तर 6 च्या वर. मेट्रोनिडाझोल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, सल्फाची अँटिबायोटिक्स, यांनी ॲसिट्रॉमचा जोर वाढतो. इतकंच काय, तोंड आल्यावर लावायचं मायकोनाझोलचं जेलसुद्धा. आणि रोज भरपूर पॅरासिटामॉल घेतली तरी आकडा वर सरकतो.

तुमच्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही काका. ती भानगड फक्त ॲसिट्रॉम-वॉरफरिनवाल्यांची, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली नसेल तर घाबरू नका. मात्र हे वाचणाऱ्या माझ्या जातकुळीतल्या लोकांसाठी: वारंवार रक्त येत असेल तर नाकाआधी आयएनआर बघा. आणि पालक, मेथी, शेपू बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज मेथी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असंही करायचं नाही. ताटात जेवढी असते तेवढीच ठेवायची.

मी पाकिटात चिठ्ठी ठेवतो: कुठली गोळी, किती, कशासाठी, डॉक्टरांचा नंबर. दातवाले, डोळेवाले, हाडवाले, कुणाहीकडे गेलो की आधी ती चिठ्ठी टेबलावर. विचारायची वाट बघत नाही.

काननाकघसा_नांदेड

मी ईएनटी आहे. न तपासता उपचार सांगता येत नाही, पण काकांच्या मजकुरात बरंच काही सापडलंय म्हणून लिहितो.

आधी गोळीबद्दल, कारण तोच प्रश्न मला रोज विचारला जातो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक कणांना, जे करतात ते त्या प्लेटलेटच्या मरेपर्यंत टिकतं, आणि प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. म्हणजे आज रक्त आलं म्हणून आजची गोळी टाळली, तर आजच्या रक्तावर तिचा काहीही परिणाम नाही. फायदा शून्य. स्टेंटचा धोका मात्र साचत जातो. गोळी कमी करायची, बदलायची, कधी एकच ठेवायची, हे हृदयवालेच ठरवतील. बहुतेकांत दोन्ही गोळ्या सहा महिने ते वर्षभर असतात, मग एक राहते. तुम्हाला इकडून तिकडे पाठवलं गेलं त्याचा मला राग आला. असं करा, दोन्ही फायली घेऊन ईएनटीसमोर बसा आणि तिथूनच हृदयवाल्यांना फोन लावून द्यायला सांगा. दोन डॉक्टरांचं बोलणं दोन मिनिटांचं असतं. नाकाची तपासणी आणि बहुतेक उपचार गोळ्या चालू असतानाच होतात.

डायक्लोफेनॅक हा मला या सगळ्यातला मोठा गुन्हेगार दिसतो. दोन गोळ्या प्लेटलेट्सना धरून बसलेल्या असताना ही तिसरी आली. शिवाय ही वेदनाशामकं बीपी वाढवतात, पोटात व्रण करतात, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला तशीही चांगली नाहीत. आयबुप्रोफेनही त्यातलीच. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला किती ते विचारून, शिवाय शेक आणि मांडीचे व्यायाम. सांधेदुखीच्या निनावी पुड्या तर अजिबात नकोत, त्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं सापडतं. तसंच मेडिकलमधून रक्त थांबायची गोळी म्हणून ट्रानेक्झामिक ॲसिड मिळते, तीही स्टेंटवाल्यांनी न विचारता घ्यायची नाही. ती गुठळी टिकवून धरते, आणि कुठली गुठळी टिकवायची हे तिला कळत नाही.

आता नाक. मधला पडदा असतो त्याच्या पुढच्या खालच्या भागात चार-पाच धमन्यांच्या बारीक फांद्या एकमेकींना येऊन मिळतात, अगदी पातळ त्वचेखाली. दहातले नऊ घोळणे तिथले. कोरडी हवा, खपली, नख, झालं काम. सिस्टर म्हणतात तशी चिमटी तिथंच दाब देते म्हणून उपयोगी पडते. उरतात ते मागून येणारे. ते साठीनंतर जास्त दिसतात, घशात उतरतात, चिमटीला दाद देत नाहीत. तुमचं एकाच बाजूनं, पुढून, वाकल्यावर येतंय, म्हणजे बहुधा पुढचंच आहे. पण एकाच बाजूनं वारंवार येत असेल तर या वयात दुर्बिणीनं मागपर्यंत बघून घ्यायलाच हवं. क्वचित तिथं गाठ निघते. सोबत हिमोग्लोबिन करून घ्या. स्टेंटवाल्या माणसाचं रक्त कमी झालं की छातीत भरून येणं परत सुरू होऊ शकतं.

नस सापडली तर जागा बधिर करून सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात. चुरचुरतं, शिंका येतात, घरी जाता येतं. दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत लावून घेऊ नका, पडद्याला भोक पडू शकतं. न थांबणाऱ्या रक्ताला बोळा घालतात, फुगणारा स्पंज साधारण दिवस-दोन दिवस ठेवतात. गोळ्यांवर असलेल्यांसाठी विरघळणारा मिळाला तर बरा, काढताना परत रक्त येत नाही. त्याहीपुढचं म्हणजे मागची धमनी दुर्बिणीनं बंद करणं. तिथवर फार कमी लोक जातात.

रोजची काळजी: मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे दिवसातून तीन-चार वेळा, त्यानंतर नाकपुडीच्या तोंडाशी डॉक्टर देतील ते मलम किंवा साधं व्हॅसलीन, करंगळीच्या टोकावर येईल एवढंच. खपली मऊ होऊन आपोआप सुटते, बोट घालावं लागत नाही. तेल किंवा तूप ओतून लगेच आडवं होऊ नका, म्हाताऱ्या माणसात ते क्वचित फुप्फुसात उतरतं. दूर्वांबद्दल वाद घालत नाही, पण रक्त चालू असताना नाकात काहीही ओतायचं नाही. ॲलर्जीचा स्प्रे असेल तर नळी पडद्याकडे नाही, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेनं. आणि सर्दीत नाक मोकळं करणारे थेंब रक्त थांबवायला मदत करतात हे खरं, पण त्यांनी बीपी आणि ठोके वाढू शकतात, तेव्हा घरात ठेवण्याआधी हृदयवाल्यांची परवानगी घ्या.

बीपीबद्दल एक. घोळणा फुटल्यावर मोजलं की ते वाढलेलंच असतं, माणूस घाबरलेला असतो. त्यावरून औषध वाढवायला धावू नका. शांत असताना सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून लिहून न्या.

रानवाटा

डॉक्टर साहेब, गोळीचं समजलं. मला वाटायचं आज बंद केली की उद्या रक्त घट्ट. दूर्वांवरचा विश्वास मात्र राहू द्या.

जुना_फिटर_अकोला

सगळ्यांचे उपकार. कळवायला उशीर झाला.

दोन्ही फायली घेऊन ईएनटीकडे गेलो आणि नांदेडच्या डॉक्टरांनी लिहिलं तसंच म्हटलं, साहेब इथूनच फोन लावा. जरा बघत राहिले माझ्याकडं, पण लावला. बोलणं इतकं झटकन झालं की माझा चष्मा पुसून व्हायच्या आत संपलं. दोन्ही गोळ्या आहेत तशाच. दुर्बीण घातली, मागं काही नाही. पुढं डाव्या पडद्यावर एक बारीकशी नस फुगलेली, मला स्क्रीनवर दाखवली. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर गळती शोधली, पण स्वतःची कधी बघितली नव्हती. काडी लावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुखलं म्हणावं असं नाही.

हिमोग्लोबिन 10.8 निघालं, लोहाची गोळी दिली. शौच काळी होईल हे आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी परत धावलो असतो. पण ती डांबरासारखी चिकट झाली किंवा फार वास आला तर लोहावर ढकलू नका, लगेच या, असंही बजावलं, कारण या गोळ्यांनी पोटातूनही रक्त जाऊ शकतं. डायक्लोफेनॅक बंद, पॅरासिटामॉल चालू. गुडघा कुरकुरतो, त्याला म्हटलं थांब जरा.

एसीचं पोराला आमच्या मंडळींनीच सांगितलं. त्याला काही वाईटबिईट वाटलं नाही, उलट त्यालाच रात्री थंडी वाजत होती म्हणे. आता एसी त्याच्या खोलीत आणि आमच्याकडे परत कूलर, ताट्या नवीन आणल्या.

त्यानंतर एकदा थोडं आलं, पहाटे. चिमटीत धरलं, घड्याळ समोर. पंधरा मिनिटं फार मोठी असतात हो सिस्टर. पण थांबलं.

एकच विचारायचं राहिलं. काडी लावून आठवडा होत आला. डॉक्टरांनी गरम चहा नको म्हटलं होतं पण किती दिवस ते विचारायचं राहून गेलं. कोमट चहा म्हणजे चहा नव्हे. आणि शेगावला वाकून नमस्कार कधीपासून चालेल?

वॉर्डातली_सिस्टर

खपली अजून आत असेल दादा. आणखी चार-पाच दिवस कोमटच प्या, बशीत ओतून. मलम आणि मिठाचं पाणी चालू ठेवा, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. नमस्काराचं तपासणीच्या दिवशी त्यांनाच विचारा, नस बघून सांगतील. तोवर उभ्यानं हात जोडा, महाराजांना चालतं.